पाकिटातून निघालेली विचित्र कार्डं: कुठलं ठेवायचं, कुठलं सोडायचं?

देवगड_बंदर

नमस्कार मंडळी. गणपतीला आलेल्या चाकरमान्यांनी घरातल्या मुलांसाठी कार्डांची पाकिटं आणली. काही पोकेमॉनची, काही परदेशी खेळाडूंची, आणि वाटेत बाजारातून घेतलेला एक सोनेरी संच. हवी ती कार्डं मुलांनी उचलली. उरलेल्या ढिगात मात्र अशी काही आहेत की ती काय आहेत तेच कळत नाही. खाली नंबर टाकून लिहितो, म्हणजे उत्तर देणाऱ्याला सोपं जाईल.

१) खेळाडूंच्या पाकिटातलं कोरं कार्ड. दोन्ही बाजूंना काहीच छापलेलं नाही. राखाडी पुठ्ठा, जाडी बाकीच्या कार्डांच्या कितीतरी पट.

२) जर्सीचा पांढरा चौकोनी तुकडा बसवलेलं कार्ड. मागे बारीक इंग्रजीत लिहिलंय की हे कापड कुठल्याही ठराविक खेळाडूशी किंवा सामन्याशी जोडलेलं नाही. मग त्या तुकड्याला अर्थ काय?

३) पोकेमॉनच्या एका कार्डाच्या वरच्या कडेला बारीक समांतर रेषांचा ठसा. तिथे कार्ड दबलंय.

४) एका कार्डाची डावी किनार जाड, उजवीकडे किनारच नाही. उलट शेजारच्या कुठल्यातरी कार्डाची बारीक पट्टी दिसते.

५) एकावरचा नंबर असा की तिरक्या रेघेच्या आधीचा आकडा नंतरच्या आकड्यापेक्षा मोठा. छपाईची चूक का?

६) पोकेमॉनच्या प्रत्येक पाकिटात कोड असलेलं एक कार्ड आणि एक एनर्जी. खेळाडूंच्या पाकिटात नुसती नावांची यादी असलेलं एक.

७) सोनेरी संच. ५५ कार्डं, सगळी प्लास्टिकची, पाठही सोनेरी.

८) पोकेमॉनची चकचकीत कार्डं चार दिवसांत वळली. चित्र वर ठेवून टेबलावर ठेवली की दोन्ही कडा उचललेल्या दिसतात.

यातलं जपण्यासारखं काय, विकण्यासारखं काय, आणि मुलांना द्यायचं काय? आणि डबल इतकी का येतात, हाही प्रश्न मुलांकडून आहेच.

---

मालवण_मिसकट

फेकू नकात हां. आधी नीट बघा, मगे काय ता ठरवा. ३ आणि ४ नंबरची कार्डं आत्ताच स्लीव्हमध्ये, म्हणजे कार्डाच्या मापाच्या पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, घाला आणि ज्या पाकिटातून ती निघाली त्यांची वेष्टनं कचऱ्यात गेली असतील तर शोधून काढा. सविस्तर संध्याकाळी लिहितो.

---

गुहागर_पुठ्ठा

१ आणि २ बद्दल सांगतो.

कोरं जाड कार्ड म्हणजे चकवा. कंपनीने ते मुद्दाम टाकलेलं असतं. जर्सीचा किंवा बॅटचा तुकडा बसवलेली कार्डं जाड असतात, त्यामुळे दुकानात पाकिटं चाचपून जाडजूड तेवढं उचलणारे लोक तयार झाले. बाकीच्या गिऱ्हाइकांच्या वाट्याला मग चाळून उरलेला माल. त्यावर उपाय म्हणून काही कंपन्या साध्या पाकिटांतही तेवढाच जाड कोरा पुठ्ठा घालू लागल्या. बोटांना दोन्ही पाकिटं सारखीच लागतात.

जाडी मोजण्याचं माप पॉइंट. १ पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. खेळाडूंचं साधं कार्ड साधारण २० पॉइंट, म्हणजे अर्धा मिलिमीटर. पोकेमॉनचं त्याहून पातळ, ०.३ मिलिमीटरच्या आसपास. तुकड्याचं कार्ड १३० पॉइंटपर्यंत जातं, म्हणजे ३.३ मिलिमीटर. घरी व्हर्नियर नसेल तर साधी दहा कार्डं एकावर एक ठेवून पट्टीने मोजा आणि दहाने भागा. टॉपलोडर, म्हणजे वरून कार्ड सरकवायचं कडक प्लास्टिकचं कव्हर, घेताना हे माप लागतंच. नेहमीचा ३५ पॉइंटचा टॉपलोडर तुमच्या २ नंबरच्या कार्डाला होणार नाही. जोर करून घातलंत तर कोपरे जातील.

कोऱ्या कार्डाला विक्रीची किंमत नाही. पोस्टाने कार्डं पाठवताना आधाराला ते उत्तम. फक्त चांगल्या कार्डाला थेट चिकटवून वर्षानुवर्षं ठेवू नका. तो हलक्या प्रतीचा पुठ्ठा असतो, त्यातलं आम्ल शेजारच्या कागदात उतरतं. मध्ये स्लीव्ह हवीच.

आता जर्सी. अशा कार्डाची पाठ आधी वाचायची, पुढचं चित्र नंतर. तीन प्रकार असतात. पहिला, प्रत्यक्ष सामन्यात वापरलेलं कापड. चांगल्या कार्डावर कधीकधी सामन्याची तारीखही दिलेली असते. दुसरा, खेळाडूने अंगावर घातलेलं, पण सामन्यात नाही. नवोदित खेळाडूंना फोटोच्या कार्यक्रमात एकावर एक जर्सी थोडा वेळ घालायला लावतात आणि मग त्यांचे तुकडे करतात. तिसरा प्रकार तुमचा. कंपनी स्वतःच लिहून देते की हे कापड कोणाशीही जोडलेलं नाही. कायद्याने ती सुरक्षित राहते, आणि घेणाऱ्याच्या हातात पडतो नुसता कपड्याचा तुकडा. त्यातही साध्या एकरंगी तुकड्यापेक्षा शिवण, नंबर किंवा बिल्ल्याचा भाग आलेला दोन-तीन रंगांचा तुकडा महाग. तुमचा पांढरा आहे, म्हणजे त्यातला सर्वांत स्वस्त.

अप्पर डेक कंपनीने १९९९ साली जुना अमेरिकी बेसबॉलपटू बेब रूथची खरीखुरी बॅट कापून तिच्या चकत्या कार्डांत घातल्या, तेव्हा संग्राहकांत मोठा वाद झाला. ऐतिहासिक वस्तू कापावी का, हा तो वाद. तिथून आज कोणाशीच संबंध नसलेल्या कापडापर्यंत गाडी आली आहे. मला हा प्रकार मनापासून आवडत नाही. कार्ड विकत घेणारं पोर पुढचं चित्र बघून घेतं, पाठ वाचून नाही.

पुढेमागे पाकिटात 'रिडेम्प्शन' लिहिलेलं कार्ड आलं तर मागची मुदत लगेच बघा. खरं कार्ड नंतर पाठवण्याची ती चिठ्ठी असते. मुदत उलटली की कंपनीने ते पाठवायलाच हवं असं राहत नाही. जुन्या साठ्यातली पाकिटं घेणाऱ्यांना हा फटका नेहमी बसतो.

---

मालवण_मिसकट

आता ३, ४, ५.

विचित्र कार्ड हातात आलं की दोनच प्रश्न विचारायचे. बिघाड कारखान्यात झाला की बाहेर पडल्यावर? आणि तो याच कार्डात आहे की त्या कार्डाच्या सगळ्याच प्रतींत? पहिल्याचं उत्तर 'कारखान्यात' आणि दुसऱ्याचं 'थोड्याच प्रतींत' असेल तरच पुढे बोलण्यात अर्थ आहे.

३ नंबरला क्रिम्प म्हणतात. पाकिटाचं तोंड बंद करताना यंत्राचे तापलेले दातेरी जबडे फॉईल दाबतात. कार्डांचा गठ्ठा जरा वर सरकला असेल तर एखाददुसरं त्यात सापडतं. पडताळणी अशी: रेषा कार्डाच्या वरच्या किंवा खालच्या कडेपासून काही मिलिमीटरांतच हव्यात, एकमेकींना समांतर हव्यात, आणि त्यांच्यातलं अंतर वेष्टनाच्या बंद टोकावरच्या रेषांशी जुळायला हवं. म्हणून वेष्टन शोधायला सांगितलं. ठसा कार्डाच्या मधोमध असेल तर तो जबड्याचा नाही, कोणीतरी पक्कड लावली आहे. खरा क्रिम्प असेल तर पुस्तकाखाली ठेवून सपाट करायला जाऊ नका. ठसा गेला की उरतं ते नुसतं खराब कार्ड.

४ नंबर म्हणजे मिसकट. कार्डं एकेक छापत नाहीत, मोठ्या तावावर छापतात. मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाचा ताव ११ गुणिले ११, म्हणजे १२१ कार्डांचा प्रसिद्ध आहे. टॉप्स कंपनीच्या जुन्या बेसबॉल कार्डांचा १३२ चा असे. कापताना ताव सरकला की त्यावरची सगळीच कार्डं सरकतात. म्हणून त्याच खोक्यातली बाकीची पाकिटंही तपासा, भाऊबंद सापडण्याची शक्यता चांगली असते.

मोजायचं कसं? पोकेमॉनचं कार्ड ६३ गुणिले ८८ मिलिमीटर. खऱ्या मिसकटमध्ये सहसा माप तेवढंच भरतं, चित्र तेवढं सरकलेलं असतं. रुंदी ६१ भरली तर कोणीतरी घरी कात्री किंवा कटर चालवलाय असं धरा. मग चारही कोपरे भिंगाखाली बघा. कारखान्यात साच्याने कापलेल्या कोपऱ्याची गोलाई चारही ठिकाणी एकसारखी असते, हाताने कापलेल्याची नसते. कडही बघा. ब्लेड एका दमात गेलं असेल तर कड गुळगुळीत, थांबत थांबत गेलं असेल तर पायरी दिसते.

नुसती किनार कमी-जास्त असणं वेगळं. डावीकडे २ आणि उजवीकडे ४ मिलिमीटर असेल तर ते कार्ड ३३ ला ६७ आहे असं म्हणतात, आणि अशा कार्डाची किंमत उतरते. शेजारचं कार्ड किंवा तावाच्या कडेचे छपाईचे ठिपके दिसायला लागले की उलटं होतं, तेव्हा तेच कार्ड शोधणारे लोक निघतात. अध्येमध्ये असलेल्याला कोणी विचारत नाही. तुमच्यात शेजारच्या कार्डाची पट्टी आहे, तेव्हा ते ठेवाच.

सगळ्या प्रतींत असलेली चूक का चालत नाही, त्याची दोन उदाहरणं. १९६९ च्या टॉप्स संचात ऑरेलिओ रॉड्रिगेझच्या कार्डावर चक्क संघाच्या बॅटबॉयचा, म्हणजे बॅटी सांभाळणाऱ्या पोराचा, फोटो आहे. किस्सा सर्वांना माहीत, पण चूक कधी सुधारलीच नाही, म्हणून प्रत्येक प्रत तशीच आणि चुकीमुळे दुर्मिळता काहीच नाही. दुसरं पोकेमॉनमधलं. बेस सेट या पहिल्या संचातल्या मशॅम्प नावाच्या कार्डावर पहिल्या आवृत्तीचा शिक्का दिसला की लोक हुरळतात. ते कार्ड पाकिटात नव्हतंच. दोन खेळाडूंच्या सुरुवातीच्या खोक्यात ते येत असे, आणि शिक्क्यासकटच येत असे. म्हणून तो शिक्का बाकीच्या कार्डांवरच्या शिक्क्यासारखा मोलाचा नाही.

याच्या उलट १९८९ चं फ्लीअर कंपनीचं बिली रिपकेनचं कार्ड. त्याच्या बॅटच्या मुठीच्या टोकावर शिवी लिहिलेली छापून गेली. मग कंपनीने ती खरवडून, झाकून, काळा चौकोन टाकून निरनिराळ्या प्रकारे सुधारली. पांढऱ्या रंगाने झाकलेली आवृत्ती मूळ शिवीवाल्या कार्डापेक्षाही कमी मिळते. आणि १९९० च्या टॉप्समधलं फ्रँक थॉमसचं कार्ड, ज्यावर पुढे नावच नाही. काळी शाई प्लेटच्या एका भागात उमटली नाही, त्यामुळे तावावरच्या शेजारच्या कार्डांतही काळ्या रेषा गायब आहेत. चूक कशी झाली हे तावावरून दाखवता येतं, म्हणून तिच्यावर विश्वास बसतो.

५ नंबर चूक नाही. संचाच्या जाहीर संख्येपलीकडची ती जादा कार्डं असतात, त्यांना सीक्रेट रेअर म्हणतात. इंग्रजी पोकेमॉनमध्ये २००० सालच्या टीम रॉकेट संचातलं डार्क रायचू ८३/८२ हे असं पहिलं. तुमच्या ढिगात चुकून पडलेलं बहुधा सर्वांत चांगलं कार्ड तेच आहे. मुलांच्या हातातून आधी काढा.

---

देवगड_बंदर

मोजलं. ४ नंबर ६३ गुणिले ८८ भरलं, कोपरे सारखे आहेत. क्रिम्पचं वेष्टन सापडलं आणि रेषा जुळतात. ५ नंबर स्लीव्हमध्ये घातलं. सोनेरी संचाचं काय?

---

रत्नागिरी_भिंग

सोनेरी संच नकली आहे. दुसरी शक्यताच नाही. इंग्रजी पोकेमॉन पाकिटातल्या कार्डाची पाठ निळी असते, चित्राची बाजू कितीही सोनेरी असली तरी. कंपनीची खरी सोनेरी कार्डं आहेत, पण ती कागदाची, पुढे बोटाला जाणवेल असा बारीक रेषांचा खरखरीतपणा असलेली, आणि पाठ निळीच. धातूची कार्डंही अधिकृतपणे निघाली. २०२१ च्या सेलिब्रेशन्स संचाच्या मोठ्या खोक्यात चॅरिझार्ड आणि पिकाचू होते. पण ती त्या खोक्यातच, सुट्या पाकिटात किंवा ५५ च्या गठ्ठ्यात कधीच नाहीत.

जत्रेत, स्टँडजवळच्या स्टेशनरीत, समुद्रावरच्या खेळण्यांच्या टपरीवर जे मिळतं त्यात कागदी नकलाही असतात आणि त्या ओळखायला जरा वेळ लागतो. त्याच खेळाचं एक खात्रीचं साधं कार्ड शेजारी ठेवूनच तपासा. एकट्या कार्डावरून अंदाज फसतो.

आधी अक्षरं. पोकेमॉन हे नाव रोमन लिपीत लिहिताना 'ई' वर छोटी तिरकी रेघ असते, नकलेत ती हमखास विसरतात. ताकदीचा आकडा हास्यास्पद मोठा असतो. खालच्या कोपऱ्यात संचाचं चिन्ह, नंबर आणि कॉपीराइटची ओळ नसते किंवा पुसट असते. मग मोबाइलचा टॉर्च. कार्डाच्या मागे लावला की खऱ्यातून उजेड फार कमी येतो, कारण कागदाच्या दोन थरांमध्ये उजेड अडवणारा गडद थर असतो. स्वस्त कागदी नकलेतून उजेड भसकन येतो. मग दहापट भिंग. खऱ्या छपाईत चित्राचे रंग ठिपक्यांच्या नियमित जाळीने बनलेले दिसतात आणि काळी अक्षरं भरीव, धारदार असतात. नकलेत अक्षरंही ठिपक्यांची बनलेली दिसतात, कारण ती अख्ख्या कार्डाचा फोटो काढून छापलेली असतात. माझ्या मते हीच सर्वांत भरवशाची खूण, आणि तिला खर्च फक्त भिंगाचा.

कार्ड फाडून आतला थर बघायची पद्धत इंटरनेटवर सापडेल. ती चांगल्या कार्डावर करायची नसते, एवढं सांगितलं तरी पुरे.

पाकीट परत चिकटवलेलं असू शकतं, तेही बघत चला. मागचा उभा जोड चुरगळलेला, त्यावर डिंकाची चमक, टोकाचे दाते एका ठिकाणी दबलेले दिसले तर ते पाकीट घेऊ नका. सुटी पाकिटं घेण्यापेक्षा दुकानदार समोर खोकं फोडत असेल तिथून घ्या.

सोनेरी संच मुलांना खेळायला द्या. तो झिजला तरी चालतो. खऱ्या कार्डांत मिसळू मात्र नका आणि बदल्यात कोणाला देऊ नका. पुढच्या पोराची फसवणूक तिथूनच सुरू होते.

---

हर्णै_खाडी

८ नंबरसाठी तांदळाच्या डब्यात ठेवा. सगळा दमटपणा ओढून घेतो.

---

वेंगुर्ला_दमट

तांदूळ नको हो. घरातला तांदूळ पावसाळ्यात स्वतःच दमट असतो, त्याची पूड फॉईलवर ओरखडे पाडते, आणि सोंडकिडे आले तर कार्डं गेलीच.

वळण्याचं कारण आधी समजून घ्या. चकचकीत कार्डात चित्राच्या बाजूला प्लास्टिकचा पातळ पापुद्रा असतो, मागे कागद. कागद हवेतलं पाणी पितो आणि पसरतो. पापुद्रा पसरत नाही. मागची बाजू लांब, पुढची तेवढीच, म्हणून कार्ड चित्राच्या बाजूला वळतं. देवगडात भाद्रपदात हेच होणार. उलट फार कोरड्या हवेत कागद आकसतो आणि कार्ड पाठीच्या बाजूला वळतं. म्हणजे कार्ड कुठल्या बाजूला वळलंय यावरून हवा कशी आहे ते कळतं. यात छपाईचा दोष नसतो आणि कार्डही मेलेलं नसतं.

लक्ष्य ४५ ते ५५ टक्के आर्द्रता. झाकणाला रबराची गादी असलेला हवाबंद डबा घ्या, आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. मापक स्वस्त असतात आणि चुकतात, म्हणून आधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चमचाभर पाण्याने ओला रेंदा करा, पाणी वर साठू देऊ नका. ते झाकण आणि मापक एका झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. मापकाने ७५ टक्के दाखवायला हवं. ८० दाखवलं तर तुमचा मापक ५ ने जास्त दाखवतो, तेवढे वजा करत चला.

आता सिलिका जेल. इथे बहुतेकांचं गणित चुकतं. बुटाच्या खोक्यातल्या दोन पुड्या टाकून काही होत नाही. डब्यातल्या हवेत पाणी नगण्यच असतं. १० लिटर हवेत, अगदी भर पावसात, ०.३ ग्रॅमच्या आसपास. पाणी असतं ते कार्डांत. हजार कार्डांचं वजन पावणेदोन किलोच्या पुढेमागे. पावसाळ्यातला कागद ५० टक्क्यांच्या हवेतल्या कागदापेक्षा अंदाजे ४ टक्के जास्त पाणी धरतो, म्हणजे सत्तरएक ग्रॅम पाणी बाहेर काढायचंय. सिलिका आपल्या वजनाच्या पाव हिश्श्याइतकं ओढते असं धरलं तर पाव किलोच्या वर जेल लागते. हजार कार्डांना ३०० ग्रॅम धरा, शंभराला ३०.

नारिंगी दाण्यांची घ्या, ओली झाली की हिरवी होते. निळ्या-गुलाबी दाण्यांत कोबाल्ट असतं, मुलं असलेल्या घरात नको. हिरवी झाली की १२० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये दोन तास, पुन्हा नारिंगी होते. त्याहून तापवली तर दाण्यांचा रंग कायमचा जातो. स्वयंपाकाचं भांडं यासाठी वापरू नका. दाणे कार्डांवर सांडू नयेत म्हणून मलमलीच्या पुरचुंडीत बांधा.

वळलेली कार्डं स्लीव्हमध्ये घालून दोन सपाट फळ्यांमध्ये हलक्या वजनाखाली त्याच डब्यात ठेवा. घाई करू नका, आठवडाभर तरी द्या. मापक ४५ च्या खाली जायला लागला की जेल कमी करा, नाहीतर उलटी वळतील. इस्त्री फिरवणं, उन्हात ठेवणं, फ्रीजरमध्ये घालणं यातलं काहीही करू नका. फ्रीजरमधून बाहेर काढलेल्या कार्डावर आपल्या हवेत क्षणात दव बसतं.

गुळगुळीत लेपाची कार्डं एकमेकांना चिकटली असतील तर नखाने सोडवू नका. गठ्ठा तसाच डब्यात सुकू द्या, मग दोन्ही हातांत धरून हळू वाकवा. 'टक्' असा आवाज येऊन कार्ड सुटलं तर ठीक. नाही सुटलं तर पुन्हा डब्यात.

डबा कुठे ठेवता तेही महत्त्वाचं. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून नको, भिंत पाणी धरते. कौलांखालचा माळाही नको, एप्रिल-मेमध्ये तिथे भट्टी असते. आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, भिंतीपासून चार बोटं सोडून ठेवा. कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या टाकाल तर प्लास्टिकची पानं आणि टॉपलोडर मऊ, चिकट होतात. डबा खरोखर हवाबंद असेल तर कसर आत येतच नाही.

स्लीव्ह पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. स्टेशनरीतल्या वास येणाऱ्या पीव्हीसीच्या पानांना कार्डं चिकटतात. रबरबँड लावू नका. आणि एक कळकळीची विनंती: लॅमिनेशन करू नका. झेरॉक्सवाला दहा रुपयांत करून देतो आणि कार्ड कायमचं संपतं.

---

चिपळूण_बेरीज

राहिलेले ६ आणि डबल.

कोडचं कार्ड पोकेमॉनच्या ऑनलाइन खेळासाठी. कोड एकदाच चालतो. फोटो टाकताना तो झाका. वापरलेल्या कोडच्या कार्डाचं मोल शून्य, वेगळ्या गठ्ठ्यात ठेवा म्हणजे घोळ होत नाही. एनर्जी, म्हणजे खेळताना पोकेमॉनला हल्ल्यासाठी लागणारी कार्डं, टाकू नका. डेक, म्हणजे खेळायचा गठ्ठा, ६० कार्डांचा असतो, एका नावाची इतर कार्डं चारच घेता येतात, पण मूळ एनर्जी हवी तितकी. घरात खेळणारी मुलं असतील तर प्रत्येक रंगाच्या १५-२० लागतातच. बाकीच्या शाळेत खेळ नव्याने शिकणाऱ्यांना द्या.

यादीचं कार्ड पूर्वी सगळ्यात जास्त नावडतं. मुलं मिळालेल्या कार्डांपुढे पेनने खूण करत आणि टाकून देत. म्हणूनच १९५०-६० च्या दशकांतली खूण न केलेली यादी आज महाग मिळते. आत्ताच्या यादीला ती किंमत येणार नाही, पण पेन लावण्याऐवजी झेरॉक्स काढून तिच्यावर खुणा करा.

डबलचं उत्तर हिशेबात आहे. समजा संच १०० कार्डांचा आणि प्रत्येक कार्ड येण्याची शक्यता सारखी. निम्मी, म्हणजे ५० वेगवेगळी जमायला सरासरी ६९ कार्डं फोडावी लागतात. ७५ व्हायला १३७. ९० व्हायला २२६. आणि शंभरच्या शंभर व्हायला ५१९. म्हणजे शेवटच्या दहांसाठी आधीच्या नव्वदांपेक्षा जास्त खर्च. शेवटच्या एकट्यासाठी सरासरी १०० कार्डं. सहाच्या पाकिटांत धरलं तर सतरा पाकिटं, एका कार्डासाठी. यात कंपनीची लबाडी असायला लागत नाही, सगळी कार्डं समान छापली तरी असंच होणार. दुर्मिळ कार्डं मुद्दाम कमी छापतात तेव्हा आकडे याहून वाईट.

त्यामुळे मुलांना सांगायचं ते हे: संच पाऊण भरेपर्यंत पाकिटं घ्या, मग थांबा. पुढचं सगळं अदलाबदलीने, आणि अगदी शेवटची चार-पाच सुटी विकत घ्या. मे महिन्यात आणि गणपतीत गावोगावची मुलं एकत्र येतात, अदलाबदलीला त्याहून चांगला काळ नाही. डबलची यादी नंबराने करून ठेवा, नावाने नको. एकाच नावाची दोन वेगळी कार्डं असतात आणि तिथेच भांडणं लागतात.

---

देवगड_बंदर

सगळ्यांचे आभार. मिसकट पुण्यातल्या एका संग्राहकाला पाठवायचं ठरतंय. पोस्टाने, पावसात. कसं बांधू?

---

मालवण_मिसकट

बांधायच्या आधी दोन्ही बाजूंचे आणि चारही कडांचे फोटो काढा, शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवून. कार्ड दोन दिवस वेंगुर्ल्यांच्या डब्यात राहू दे, म्हणजे ओल आत बंद होणार नाही.

आधी मऊ स्लीव्ह, मग ३५ पॉइंटचा टॉपलोडर. टॉपलोडरच्या तोंडावर रंगकामाची कागदी टेप लावा आणि तिचं एक टोक दुमडून ठेवा, काढणाऱ्याला सोपं जातं. सेलोटेप नको, तिचा डिंक सुटून कार्डावर येतो. टॉपलोडर छोट्या झिपच्या पिशवीत. मग दोन्ही बाजूंना पुठ्ठे, टॉपलोडरपेक्षा सर्व बाजूंनी दोन सेंटिमीटर मोठे, आणि दोन्ही पुठ्ठ्यांच्या आतल्या पन्हळी नळ्या एकमेकींना काटकोनात, म्हणजे कुठल्याच बाजूने वाकत नाही. तुमचं ते कोरं चकव्याचं कार्डही इथे चालेल. पुठ्ठे चारही बाजूंनी टेपने बंद करा, टॉपलोडर आत सरकता कामा नये.

वर प्लास्टिकचं पाकीट, त्याचे जोड टेपने पुन्हा बंद. पत्ता बॉलपेनने लिहिलात तरी वर पारदर्शक टेप मारा, पावसात अक्षरं जातात. स्पीड पोस्टने पाठवा, पावतीवरचा नंबर त्यांना लगेच कळवा. आणि क्रिम्पवालं कार्ड सोबत घालू नका. त्याला त्याच्या वेष्टनासकट घेणारा वेगळा माणूस लागतो, तो मिळेपर्यंत दोन्ही एकाच स्लीव्हमध्ये ठेवा.